शेळ्यांचं क्षार मिश्रण आणि चाटण वीट : दोन पावसाळे वापरून मग लिहितेय

नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या ह्या पशुखाद्याच्या दुकानातनं मी दोन वर्षं सामान नेतेय. लिहायचं लिहायचं म्हणून राहून जात होतं, पण परवा तिथंच काउंटरवर एक ताई विचारत होत्या की शेळीला चाटायला कुठली कॅल्शियमची वीट चांगली, आणि मला माझेच जुने दिवस आठवले, म्हणून आज बसून सगळं सविस्तर लिहिते. मोठं झालंय, पण ज्यांच्या शेळ्या माळावर चरतात त्यांनी पूर्ण वाचा.

आमचं गाव सिन्नरच्या पूर्वेला, कमी पावसाचा भाग. मोठ्या शेळ्या २२ आणि करडं १२, निम्म्या संगमनेरी निम्म्या उस्मानाबादी. सकाळी नऊला सुटतात ते संध्याकाळी पाचला परत, आप्पा म्हणजे माझे सासरे चारायला नेतात. घरी आल्यावर थोडा मक्याचा भरडा, बाकी सगळं पोट माळावरच भरतं.

आधी जी वीट वापरायचो ती दुसरीकडून घेतलेली, कुठून ते लिहीत नाही. पांढरीशुभ्र, दगडासारखी कडक, कागदावर गायीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात कॅल्शियमयुक्त, बाकी कशात किती टक्के काही नाही. सहा महिने ती गोठ्यात टांगलेली होती. शेळ्या चाटायच्या, नाही असं नाही, पण त्याच काळात आमच्याकडे एकेक गोष्ट बिघडत गेली. शेळ्या माजावर यायला उशीर करायला लागल्या, दोन तर विताना इतक्या थकल्या की करडांना दूधच पुरेना. काळी म्हणून आमची एक उस्मानाबादी आहे, तिच्या खांद्यावरचे आणि पाठीवरचे केस गंजल्यासारखे तांबूस व्हायला लागले, आम्हाला वाटलं उन्हानं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माती खायची, चपला चघळायची सवय लागली. एकदा आप्पांनी ओढ्याच्या कडेला एका शेळीच्या तोंडातनं जुनं वाळलेलं हाड ओढून काढलं. दाढेखाली धरून ती कडाकडा फोडत होती आणि सोडायलाच तयार नव्हती. ते बघून आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

तर बुधवारच्या बाजाराला नाशिकला आलो होतो तेव्हा कुणीतरी ह्या दुकानाचं नाव सांगितलं. मी मोबाईलमधे जुन्या विटेच्या कागदाचा फोटो आणि काळीचा फोटो दाखवला आणि म्हटलं दादा ह्याच्यापेक्षा जास्त कॅल्शियमवाली द्या. त्यांनी वीट काढलीच नाही. पहिला प्रश्न विचारला, "ताई, शेळ्या चरतात काय?" इतक्या वर्षांत औषधाच्या, खाद्याच्या कुठल्याही दुकानात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. किती शेळ्या आहेत, किती दूध देतात, बजेट काय, हे सगळे विचारतात. काय चरतात हे ह्यांनीच विचारलं.

मग आप्पांनी सांगायला सुरुवात केली आणि ते सांगायला लागले की थांबत नाहीत. बोर तर मुख्यच, शेळी मागच्या पायांवर उभी राहते आणि ओठांनी काट्याच्या मधला एकेक पाला अलगद खुडते, काटा लागत नाही तिला. मग बाभूळ, हिवर, सौंदड, बांधावरचं हेकळ, वर डोंगराच्या अंगाला करवंद. शेंगांच्या दिवसात आप्पा आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडतात, शेंग पडल्याचा आवाज आला की कळप धावत येतो. तरवडाला तोंड लावत नाहीत. घाणेरी आप्पा खाऊच देत नाहीत कारण ती विषारी, खाल्ली की कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. गवत पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत, त्याच्यापुढे गवत म्हणजे नुसतं काड, जे काही हिरवं असतं ते झुडपांवरच.

दुकानदार दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं त्यानं माझा सगळा हिशोबच बदलला. ते म्हणाले ताई तुमच्या शेळ्यांना कॅल्शियम माळावरच मिळतंय, भरपूर मिळतंय, तुम्ही पैसे देऊन तेच परत विकत घेताय. बोर, बाभूळ असल्या बऱ्याच झाडपाल्यात कोरड्या वजनावर कॅल्शियम साधारण दीड ते तीन टक्के निघतं आणि फॉस्फरस ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कॅल्शियम दहा तर फॉस्फरस एक, कधी त्याहून जास्त. शेळीला हवं असतं साधारण दोनाला एक, म्हणजे कॅल्शियम दोन तर फॉस्फरस एक. रवंथ करणारं जनावर कॅल्शियम जास्त असलं तरी बरंच सोसतं, साताला एकपर्यंतसुद्धा चालून जातं, पण कधी? तर फॉस्फरस मुळात गरजेइतका पोटात जात असेल तर. इथं फॉस्फरसच कमी, आणि आम्ही वरनं चुन्याची वीट टांगलेली.

त्या जुन्या विटेत बहुतेक संगमरवराची नाहीतर चुनखडीची पूड आणि मीठ एवढंच असणार असं मला आता वाटतं. चुनखडी स्वस्त, त्यात कॅल्शियम असतं, फॉस्फरस नाही. शेळ्या चाटत होत्या त्या मिठासाठी. हे पण तेव्हाच कळलं, झाडपाल्यात सोडियम फार कमी असतं म्हणून मीठ दिसलं की जनावर तुटून पडतं. शेळी चाटतेय म्हंजे तिला जे कमी आहे ते सगळं त्यात आहे, असं नाही. हे डोक्यात पक्कं बसवा कारण आपण सगळे इथंच फसतो, चाटतेय ना म्हणजे वीट चांगली.

दुसरं जस्ताचं, म्हणजे झिंक. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त पिकाला, झाडाला नीट मिळत नाही, हे शेतकऱ्याला माहितीच आहे, आपण कांद्याला मक्याला झिंक सल्फेट टाकतोच की. तेच झुडपांच्या पाल्यात पण येतं. आणि त्यात भर म्हणजे पोटात कॅल्शियम जास्त झालं की असलेलं जस्त पण शोषलं जात नाही. गुडघ्यांवर, कानांच्या कडेला खपल्या धरतात, खूर वेडेवाकडे वाढतात. आमच्या दोन शेळ्यांना गुडघ्यावर खपल्या होत्या आणि आम्ही खरूज समजून औषध लावत बसलो होतो. काळीच्या केसांचं कारण तांबं कमी पडणं असू शकतं, काळे केस तांबूस पडणं हे त्याचं ठळक लक्षण आहे, असं पुढे आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. हाडाच्या खाण्यावर तर त्यांनी घाबरवलंच. फॉस्फरस कमी पडलं की जनावर हाडं शोधतं, आणि कुजलेल्या हाडातनं बोट्युलिझमचं, म्हणजे जिवाणूंनी तयार केलेलं जीवघेणं विष पोटात जातं. दक्षिण आफ्रिकेत शंभर वर्षांपूर्वी हजारो गुरं अशी मरायची आणि आर्नोल्ड थायलर नावाच्या पशुवैद्यानं ते कोडं सोडवलं, रोगाच्या मुळाशी माळातला फॉस्फरस कमी असणं निघालं. मी हे ऐकलं तेव्हा मला ओढ्याकाठचं ते हाडच दिसत होतं डोळ्यासमोर.

आता सामानाबद्दल. दोन गोष्टी नेते, एक क्षार मिश्रणाची, म्हणजे खाद्यात कालवायच्या खनिजांच्या पुडीची ५ किलोची पिशवी आणि एक चाटण वीट.

पिशवी घेताना दादांनी लेबल वाचायला शिकवलं ते सांगते, कारण ब्रँड कुठला का असेना लेबल वाचता आलं पाहिजे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १६६४ हे क्षार मिश्रणाचं मानक आहे, मूळ गाई-म्हशींच्या खाद्याचं, त्यात कॅल्शियम कमीत कमी २० टक्के आणि फॉस्फरस कमीत कमी १२ टक्के हवं. बोट ठेवायचं ते फॉस्फरसच्या ओळीवर. कॅल्शियम २५-२८ आणि फॉस्फरस ५-६ असली पिशवी असेल तर आमच्यासारख्या माळावरच्या शेळीला ती नको. फॉस्फरस कशातनं आलाय ते पण बघा, डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट असेल तर चांगलं, त्यात फॉस्फरस १८ टक्क्यांच्या आसपास असतं. काही स्वस्त मालात रॉक फॉस्फेट तसंच दळून घालतात आणि त्यात फ्लोरिन असतं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दात आणि हाडं खराब होतात, म्हणूनच मानकात फ्लोरिनला वरची मर्यादा घातलेली आहे. ज्या पिशवीवर फ्लोरिनचा आकडाच नाही ती मी परत ठेवते.

इथली पिशवी उघडली की बारीक करडी-तपकिरी पूड, वास थोडा लोखंडी, हातावर घेतली की ओलसर लागत नाही आणि खडे नाहीत. मोठ्या शेळीला रोज १० ग्रॅम, करडांना ५ ग्रॅम, म्हणजे आमच्या कळपाला दिवसाला २८० ग्रॅम आणि पिशवी साधारण १८ दिवस पुरते. नुसती पूड शेळी खात नाही, फुंकर मारून बाजूला सारते. पहिल्या आठवड्यात माझी अर्धी पूड गव्हाणीतच राहिली होती. मग भरडा किंचित ओला करून त्यात कालवायला लागले, मूठभर गव्हाचा कोंडा टाकला, आता गव्हाण चाटून पुसून साफ होते. कोंड्याचा दुहेरी फायदा, कोंड्यात फॉस्फरस जवळपास एक टक्का आणि कॅल्शियम अगदीच थोडं, म्हणजे झाडपाल्याच्या बरोबर उलटं. सरकी पेंडेतही फॉस्फरस चांगलं असतं. हे पण दादांनीच सांगितलं, आणि ह्यात त्यांची पिशवी कमीच खपणार होती, तरी सांगितलं. मला हे फार मोठं वाटतं.

वीट २ किलोची, लालसर तपकिरी, मधे भोक, गोठ्याच्या खांबाला तारेनं शेळीच्या तोंडाच्या उंचीवर बांधायची. खाली ठेवू नका, लेंड्यांनी घाण होते. जुन्या विटेसारखी दगड नाही, जिभेनं खरवडली जाते, चार-पाच दिवसांत मधोमध खळगा पडतो. पण खरं सांगायचं तर विटेवर सगळा भरवसा ठेवू नका. कळपातल्या दांडग्या शेळ्या विटेसमोर उभ्या राहतात आणि गरीब शेळीला जवळ येऊ देत नाहीत, जिला गरज तिलाच मिळत नाही. म्हणून पूड मोजून द्यायची, वीट मीठ मिळावं आणि चाळा राहावा म्हणून.

तक्रार आहे ती पण विटेचीच. पावसाळ्यात ती पाणी ओढते. आमच्या गोठ्याचा पत्रा एका बाजूनं गळतो, पहिल्या जुलैमधे वीट तारेवरून अर्धी निसटून खाली चिखलात पडली, सरळ नुकसान. ह्यावर दादांनी सांगितलं की पावसाळ्याआधीच विटा नेऊन कोरड्यात ठेवा आणि वर पसरट डबा उलटा बांधा. डबा बांधलाय, थोडा फरक आहे, पण वीट जरा घट्ट करायलाच हवी बनवणाऱ्यानं. आणि एकदा बाजाराच्या दिवशी गर्दीत पोऱ्यानं मला गाभण गाईंची पिशवी दिली होती, घरी जाऊन बघितलं, पुढच्या बुधवारी काही न बोलता बदलून दिली. एक हेलपाटा पडला एवढंच.

आता एक गोष्ट लिहिते जी माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, पण लिहिलीच पाहिजे. बकरी ईदसाठी एक बोकड वेगळा बांधून तयार करत होतो, चारायला सोडत नव्हतो, मका आणि गव्हाचा कोंडा पोटभर, वरनं मी हीच क्षाराची पिशवी. म्हटलं शेळ्यांना गुण आला तर ह्यालाही देऊ. दोन महिन्यांनी तो सकाळी पाठ वाकवून उभा, शेपटी हलतेय, जोर करतोय आणि लघवीचा थेंब थेंब. डॉक्टर मॅडम आल्या, म्हणाल्या मूतखडा. दाण्याच्या खुराकात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यानं नराला खडा होतो, नराची लघवीची नळी अरुंद आणि वळणाची म्हणून तिथंच अडकतो. मी त्याला वरनं अजून फॉस्फरस घालत होते. खडा नळीच्या टोकाशीच अडकलेला होता म्हणून बोकड वाचला, त्या दिवशी मी गोठ्यातनं हललेच नाही. त्यांनी खुराक निम्म्यावर आणला, पाणी भरपूर, मीठ वाढवलं, नवसागर किती आणि किती दिवस ते त्यांनीच ठरवून दिलं (ते आपल्या मनानं देऊ नका), आणि सगळ्यात मोठं औषध म्हणून सांगितलं काय, तर बोर-बाभळीचा पाला तोडून आणून टाका ह्याला. तोच पाला, ज्याच्यातल्या कॅल्शियमचं आम्हाला जास्त होत होतं, तो ह्याला हवा होता. तेव्हापासून आमच्या गोठ्यात दोन हिशोब आहेत. माळावरच्या शेळीला फॉस्फरसवाली पिशवी, बांधलेल्या बोकडाला पाला. नाशिकमधे गच्चीवर, पार्किंगमधे बोकड बांधून वाढवणारे बरेच आहेत, त्यांनी हा पॅरा दोनदा वाचा.

मेंढ्यावाल्यांसाठी पण सांगते. माझ्यासमोर एक मेंढपाळ मामा गाईचं क्षार मिश्रण मागत होते, दुकानदारांनी दिलं नाही. मेंढीला तांबं सोसत नाही, शेळी-गाईला जे चालतं ते मेंढीच्या काळजात म्हणजे लिव्हरमधे साठत जातं आणि एक दिवस एकदम कावीळ, काळपट लाल लघवी आणि जनावर गेलं. मेंढीसाठी तांबं न घातलेलं वेगळं मिश्रण घ्यायचं. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात हे जास्त जपायला हवं, कारण द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेतली पानं, काड्या बाहेर पडतात, मालक म्हणतो घेऊन जा, मेंढरं पण आवडीनं खातात. पण त्या पानांवर बोर्डोचे, मोरचुदाचे म्हणजे तांब्याच्या औषधांचे किती हात मारलेत ते विचारल्याशिवाय नेऊ नका. मामा तिथंच खाली बसून ऐकत होते, मागच्या वर्षी त्यांच्या सहा मेंढ्या अशाच गेल्या होत्या आणि त्यांना आजपर्यंत वाटत होतं कुणीतरी नजर लावली. त्या सहाही तांब्यानंच गेल्या असं मी म्हणू शकत नाही, पण लघवीचा रंग त्यांनी जो सांगितला तो ऐकून मी गप्प झाले.

दुकानात चाऱ्याचं बी पण मिळतं, हादगा, शेवगा, सुबाभूळ, दशरथ घास. मी बांधाला हादगा आणि सुबाभूळ लावलीय. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर देऊ नका असं पाकीट देतानाच सांगितलं, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की केस गळतात, गळ्याला गाठ येते. पण माझं मत, बी लावण्याआधी बांधावरची बोर आणि हिवर तोडणं थांबवा. आमच्या शेजारच्यांनी बांध साफ करायचा म्हणून जेसीबी लावून सगळी हेकळं, बोरी काढल्या आणि आता मार्चपासून शेळ्यांना विकतचा चारा. त्या बोरीच्या कोवळ्या फुटीत फॉस्फरस आणि प्रोटीन जुन्या पाल्यापेक्षा जास्त असतं, पाला जून झाला की कॅल्शियम वाढत जातं आणि फॉस्फरस उतरतं. आप्पा हे शब्द न वापरता आधीपासून करत होते. एका बाजूच्या बोरी छाटून ठेवायच्या, फूट आली की तिकडे कळप न्यायचा, मग दुसरी बाजू. मी दादांना हे सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गुण काय आला ते सांगते. माती आणि चपला खाणं साधारण दीड महिन्यात थांबलं. खपल्या त्याच्या आसपासच गेल्या. काळीचे नवीन केस काळेभोर यायला चार महिने लागले, आता ती उन्हात उभी राहिली की चमकते. मागच्या वेताला माजावर यायचा उशीर झाला नाही. मात्र त्या वर्षी आमच्याकडे पाऊस पण बरा झाला होता, माळाला फूट चांगली होती, म्हणून सगळं श्रेय पिशवीला देत नाही.

रेटिंग द्यायचं तर क्षार मिश्रणाला पाचपैकी पाच, विटेला साडेतीन, आणि दुकानाला पाच. बुधवारी दुपारनंतर गर्दी असते, सकाळी दहाच्या आत गेलात तर दादा निवांत बोलतात. जाताना शेळ्या काय चरतात ते मोबाईलमधे फोटो काढून न्या, झाडाचं नाव माहीत नसलं तरी चालतं.

एकच विनंती दादांना. ५ किलोची पिशवी चार-पाच शेळ्या असणाऱ्या बाईला परवडत नाही, उघडी राहिली की हवेनं गठ्ठे होतात. एक किलोची पिशवी ठेवा. आमच्या गावच्या बचत गटातल्या नऊ जणी घ्यायला तयार आहेत, मी त्यांची नावं मागच्या बुधवारी तुमच्या वहीत लिहून आलेय.